रुमालांतला महाराष्ट्र : इतिहासाचार्य राजवाडे

रुमाल म्हटले की आज आपल्याला खिशातला चौकोनी कपडा आठवतो आणि दप्तर म्हटले की शाळेचे ओझे. पेशवाईतल्या कारकुनाला हे दोन्ही शब्द निराळ्या अर्थाने ठाऊक होते. पत्रे, हिशेब, याद्या, निवाडे असे कागद एकावर एक रचायचे, जाड कापडात बांधायचे आणि वर गाठ मारायची, की झाला रुमाल. असे रुमाल फडताळात ओळीने लावले की झाले दप्तर. राज्य लहान असो की मोठे, त्याची सारी स्मृती ह्या गाठोड्यांत असे.

आता कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही संगणकाची तोंडओळख करून घ्यावी लागते. त्यात माहितीच्या साठवणीचा धडा आला की पंच कार्ड, टेप, फ्लॉपी, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह अशी नावे एकामागून एक येतात आणि परीक्षेपुरती पाठ होतात. ह्या सर्व नावांमागे जो एकच प्रश्न उभा आहे, तो आपल्याच शहरात एका माणसाने आयुष्यभर सोडवला. त्या माणसाने संगणक पाहिला नव्हता. त्यांचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. वडील लहानपणीच वारले. शिक्षण ओढाताणीत झाले आणि डेक्कन कॉलेजातून बी. ए. होईपर्यंत १८९० च्या आसपासचा काळ उजाडला. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा ग्रंथालयावर त्यांचा भर अधिक. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या अनुभवांवर त्यांनी पुढे जो लेख लिहिला, त्यात प्राध्यापकवर्गाची भीडभाड ठेवलेली नाही. (महाविद्यालयाच्या अंकात त्याची आठवण काढणे थोडे धाडसाचेच आहे, पण तो लेख मिळवून वाचावा, अशी विद्यार्थिमित्रांना शिफारस.) काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी केली, पण नोकरीत मन रमले नाही. परकीय भाषांतले उत्तम ग्रंथ मराठीत आणावेत म्हणून ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा अनुवाद केला. तेही मासिक काही वर्षांनी बंद पडले. ह्याच सुमारास पत्नीचे निधन झाले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा निर्धार त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

मग जुने कागद हाती आले आणि राजवाडे राजवाडे झाले.

मराठ्यांचा इतिहास तोवर मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी ग्रंथावरून आणि बखरींवरून सांगितला जाई. बखर म्हणजे पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच काळाने, आठवणीतून लिहिलेली हकीकत. संगणकात दोन प्रकारच्या स्मृती असतात, हे आपण शिकतो. एक कामापुरती, वीज गेली की पुसली जाणारी. दुसरी डिस्कवर उमटलेली, वीज गेली तरी टिकणारी. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी पहिल्या जातीच्या. माणूस गेला की त्याही गेल्या. कागद दुसऱ्या जातीचा. लढाईच्या आदल्या दिवशी छावणीतून लिहिलेले पत्र आठवत नाही, सजवत नाही. ते जसेच्या तसे राहते. राजवाड्यांनी हा फरक ओळखला आणि अस्सल पत्रावाचून इतिहास लिहायचा नाही, असा दंडक घातला. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ पर्यंतची, म्हणजे पानिपतापर्यंतची, पत्रे होती आणि त्यांना जोडलेली प्रस्तावना हाच एक स्वतंत्र ग्रंथ होता.

पण पत्रे होती कुठे? पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात पुण्यातच होते, परंतु अभ्यासकांना त्याचे दार सहजी उघडत नसे. त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले ते १९३० नंतर, गो. स. सरदेसायांच्या संपादकत्वाखाली. तेव्हा राजवाडे तोवर गेलेले होते. त्यांच्यापुढे उरली ती सरदार, चिटणीस, देशमुख, कुलकर्णी, भिक्षुक ह्यांची घरे. काखेत वळकटी, हाताने शिजवलेले अन्न आणि बहुधा पायी प्रवास, अशा थाटात हा पदवीधर गावोगाव हिंडला. माळ्यावर, कणगीमागे, देवघराच्या कोनाड्यात रुमाल पडलेले असत. घरमालकाला त्यांचा उपयोग नसे, पण दाखवायला तो भीत असे. इनाम कमिशनच्या काळात कागद तपासायला आले आणि जमीन गेली, ही आठवण घराघरांत ताजी होती. कोणी हाकलून लावी, कोणी उद्या या म्हणे, आणि मधल्या काळात तोच कागद वाण्याकडे पुड्या बांधायला जाई.

जुना कागद तसा कच्चा नव्हता. जुन्नर-दौलताबादकडचा हाताने केलेला, घोटलेला कागद आणि काजळाची शाई ही जोडी दोन-तीनशे वर्षे सहज टिकते. काजळ म्हणजे शुद्ध कोळसाच, तो उन्हाने विटत नाही. पण ओल, वाळवी, कसर आणि उंदीर ह्यांना इतिहासाचे प्रेम नसते. संगणकाच्या माध्यमांचेही हेच आहे. टेपवरचे चुंबकीय कण दमट हवेत सुटू लागतात, फ्लॉपीला बुरशी येते, पेन ड्राइव्हमध्ये कोंडलेला विद्युत्भार हळूहळू झिरपतो. ह्या वस्तूंचे आयुष्य जुन्नरी कागदाच्या पासंगालाही पुरत नाही, ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत.

त्यावर उपाय एकच, आणि तो राजवाड्यांचाही होता : नक्कल. कागद मिळाला की तो वाचायचा, उतरवायचा, छापायचा. एका घरात असलेली एक प्रत शंभर घरांत गेली की मग वाळवीला सगळीकडे पोचणे जड जाते.

येथे मात्र एक खाच आहे. आजचा विद्यार्थी विचारील की ह्या कामाला आयुष्य कशाला हवे? मोबाइलने फोटो काढला की झाले! गणित करून पाहू. संगणक प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो आणि तो शून्य व एक ह्या दोनच खुणांत लिहितो. पंच कार्डावर ती खूण म्हणजे भोक असणे वा नसणे, डिस्कवर चुंबकाची दिशा, सीडीवर बारीक खळगा. अशा आठ खुणांचा एक बाइट. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा धरून, आजच्या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘राजवाडे’ ह्या शब्दात चार अक्षरे आणि तीन मात्रा. म्हणजे एकवीस बाइट. राजवाड्यांच्या साधनांचे खंड बावीस. एका खंडाची पाने समजा चारशे आणि पानावर चिन्हे दोन हजार धरली, तर सगळा मजकूर पाच कोटी अठ्ठावीस लाख बाइटांचा, म्हणजे त्रेपन्न मेगाबाइटांच्या आतबाहेर होतो. एका साध्या सीडीत तो दहा वेळा भरूनही जागा उरेल. उलट १९५६ साली आयबीएम कंपनीने जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि तिच्यात ह्यातले दोन खंडही पुरते मावले नसते.

आता त्याच पानांचे फोटो काढा. एका फोटोला दोन मेगाबाइट धरले तरी आठ हजार आठशे पानांना सतरा-अठरा हजार मेगाबाइट लागतील. जागा तीनशे पट अधिक, आणि एवढे करून संगणकाला त्यातले ‘पानिपत’ कुठे आहे ते सांगता येत नाही. कारण त्याच्या लेखी ते अक्षर नाही, नुसते काळे-पांढरे ठिपके आहेत. ठिपक्यांचे अक्षर व्हायला कोणीतरी वाचावे लागते.

आणि वाचायचे काय, तर मोडी. बोरू न उचलता झरझर लिहिलेली, ऱ्हस्व-दीर्घाची तमा न बाळगणारी, शब्द शब्दाला चिकटवणारी मोडी. त्यात कारकुनांची संक्षिप्त रूपे, फारसी शब्द, मुसलमानी महिने, सुहूर सन आणि शक ह्यांची सरमिसळ. पुष्कळ पत्रांवर महिना व तिथी असते, साल नसतेच! मजकुरातल्या एखाद्या स्वारीवरून, एखाद्या मृत्यूवरून ते साल ठरवावे लागे. टेप जवळ आहे पण ती चालवणारे यंत्र नाही, अशा अवस्थेत आज कितीतरी कचेऱ्या अडकतात. राजवाड्यांच्या वेळी कागद होते आणि ते चालवणारे यंत्र म्हणजे स्वतः राजवाडे आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली चार माणसे. बावीस खंडांचे खरे मोल येथे आहे, असे मला वाटते. ते खंड म्हणजे नुसता साठा नव्हे. अंधारातल्या ठिपक्यांचे त्यांनी अक्षर केले, त्याला तारीख दिली, आणि मग ते कोणालाही शोधता येऊ लागले.

हे सारे चालले होते उसन्या बळावर. खंड एका ठिकाणाहून निघाले नाहीत. जेथे छापखाना आणि मदत मिळाली तेथून निघाले. कोल्हापूरच्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’चा हातभार त्यांत होता. एकट्याने हे रेटणार नाही, हे त्यांनाही उमगले असावे. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. आरंभीचे काम मेहेंदळ्यांच्या वाड्यात चाले. पुढे सदाशिव पेठेत मंडळाची वास्तू झाली. लोकांनी आपापले रुमाल तेथे आणून द्यावेत, ते जपले जावेत, त्यांच्या याद्या व्हाव्यात, ही कल्पना तोवर आपल्याकडे नवीच होती. लाखो कागद तेथे आले. दत्तो वामन पोतदारांसारख्यांनी ती संस्था पुढे कित्येक वर्षे सांभाळली.

राजवाड्यांचे मात्र तेथे फार काळ जमले नाही. स्वभाव तापट, मत एकदा झाले की त्यात बदल नाही आणि दुसऱ्याचा शब्द सहन होत नाही. मतभेद झाले, ते बाजूला झाले आणि अखेरची वर्षे त्यांनी बरीचशी धुळ्यास काढली. त्यांच्या लेखनातही हा स्वभाव उतरला आहे. एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून ते हजार वर्षांच्या सामाजिक इतिहासाचा मनोरा उभारत आणि त्यावर शंका घेणाऱ्याला झोडपून काढत. स्वतःच्या जातीविषयीचा अभिमान त्यांच्या निष्कर्षांत मिसळलेला दिसतो. ‘राधामाधवविलासचंपू’ किंवा ‘महिकावतीची बखर’ ह्यांच्या प्रस्तावना वाचताना आपण थक्क होतो, आणि त्याच पानावर मान्य करता येणार नाही असे एखादे विधान आडवे येते. पण खाली मूळ मजकूर छापलेला आहे. त्याच्या आधाराने राजवाड्यांनाच खोटे पाडायची सोय त्यांनी स्वतः करून ठेवली.

नक्कल किती महत्त्वाची, ह्याचे एक उदाहरण त्यांच्याच चरित्रात आहे. मराठवाड्यातील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी पाठ शुद्ध करण्यापूर्वीची ही ज्ञानेश्वरी, असे त्यांचे म्हणणे. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पोथीच्या काळाविषयी विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले. ते वाद मिटवायला मूळ पोथी समोर हवी. ती आज उपलब्ध नाही. आपल्या हाती उरली ती छापील प्रत. ज्याने सर्वांची मुळे जपली त्याच्याकडचे हे मूळ नाहीसे व्हावे, ही गोष्ट मनाला लागून राहते. त्याबरोबरच, छापले नसते तर तेवढेही उरले नसते, हेही खरेच.

पुणे शहराने पुढेही असे धक्के पाहिले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा माणसांबरोबर घरांतले किती कागद वाहून गेले, त्याची मोजदाद कोण ठेवणार? जानेवारी २००३ मध्ये येथेच साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि चित्रपटांची कित्येक रिळे जळाली. दुसरी प्रत नव्हती तेथे चित्रपटच गेला.

मोडी शाळांतून गेली, ती वाचणारे थोडे उरले. २०१४ साली युनिकोड ह्या जागतिक अक्षरतक्त्यात मोडीला स्वतःचे क्रमांक मिळाले. म्हणजे मोडी अक्षर आता संगणकात अक्षर म्हणून साठवता येते. त्या लिपीतले असंख्य कागद मात्र अजून रुमालांतच आहेत, आणि ज्यांचे फोटो निघाले ते ठिपक्यांच्या अवस्थेत वाचकाची वाट पाहत आहेत. मोडीचे वर्ग पुण्यात चालतात. आमच्यापैकी कोणाला सुटीत करण्याजोगे काम हवे असेल, तर ते एवढ्या जवळ आहे.

राजवाडे धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. मागे संसार नव्हता, मालमत्ता नव्हती; होती ती टिपणे, नकला आणि अर्धवट राहिलेले कोश. धुळ्याच्या मित्रांनी त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ काढले आणि ते गाठोडे सोडायला बसले. मराठी धातूंचा कोश आणि शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश हे दोन जाड ग्रंथ त्यांतूनच, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून बाहेर आले.