हिंगणघाटच्या मातीत विसावलेला मोजणीवाला साहेब

हिंगणघाट : हैदराबाद-नागपूर रस्त्याने रोज हजारो गाड्या हिंगणघाटवरून जातात. ज्या माणसाने भारताची पहिली अचूक मोजणी सुरू केली, त्याची कबर याच गावात आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? त्यांचं नाव विल्यम लॅम्बटन. 20 जानेवारी 1823 रोजी त्यांनी इथेच शेवटचा श्वास घेतला.

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. घरची परिस्थिती साधीच, पण गणितात डोकं जबरदस्त. फौजेत भरती झाले, अमेरिकेतल्या लढाईत कैद झाले, नंतर कॅनडात बरीच वर्षं काढली. चाळिशी उलटल्यावर ते भारतात आले. 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात त्यांची तुकडी भलत्याच दिशेला निघाली होती. लॅम्बटन यांनी चांदण्यांकडे बघून चूक ओळखली, नाहीतर सगळे थेट शत्रूच्या छावणीत शिरले असते.

लढाई संपल्यावर त्यांनी सरकारपुढे देश मोजायची योजना मांडली. आता एवढा मुलूख मोजायचा कसा? डोंगर, नद्या, जंगलातून साखळी ओढणं शक्य नाही. इथे दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती कामाला येते.

सोपं करून सांगतो. गावातल्या पाण्याच्या टाकीपासून सपाट जागेवर 100 फूट मागे या. टाकीचं टोक बघायला नजर 45 अंश वर करावी लागली, तर टाकी 100 फूट, त्यात तुमच्या डोळ्याची उंची मिळवायची. 30 अंश आले तर साधारण 58 फूट. (कोन मोजायचं ॲप मोबाईलवर मिळतं, करून बघा.) अंतराचंही तसंच. जमिनीवर एक रेषा नीट मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून लांबचं देवळाचं शिखर बघायचं आणि दोन्ही कोन लिहायचे. झाला त्रिकोण! उरलेल्या दोन बाजू हिशेबाने निघतात. मग त्यातली एक बाजू धरून पुढचा त्रिकोण. पाय न ठेवता मैलोनमैल मोजून होतात.

पण पहिली रेषा चुकली की पुढचं सगळं चुकलं. म्हणून 1802 मध्ये मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची रेषा मोजायला त्यांना 57 दिवस लागले. आपल्याकडे शेतमोजणीची साखळी 33 फुटांची, त्यांची 100 फुटांची, पोलादी. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून साखळी सावलीत ठेवून शेजारी थर्मामीटर लावायचे.

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. विलायतेहून येताना ते फ्रेंचांनी पकडलं आणि नंतर परतही केलं. 1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून ते आपटलं. कोनात एका अंशाची चूक म्हणजे वरच्या टाकीच्या हिशेबात साडेतीन फुटांचा फरक. इथे तर शेकडो मैलांचा मामला. दुसरा कुणी असता तर काम बंद केलं असतं. लॅम्बटन यांनी तंबूत कोंडून घेतलं आणि सुमारे सहा आठवडे खपून वाकलेली चकती स्वतः ठोकून सरळ केली.

लोकांचा संशयही सोसावा लागला. उंचावरून दुर्बीण लावणारा साहेब घरातल्या बायका बघतो, अशी कुजबुज व्हायची. त्यात लोकांचं तरी काय चुकलं? त्रिकोण कुणी समजावून सांगितले होते! आणि कंपनी सरकारला हा नकाशा राज्य पक्कं करायला हवा होता, हेही खरंच.

मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांवर होतं त्यापेक्षा सुमारे 40 मैल कमी निघालं. कन्याकुमारीपासून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत राहिली. सत्तरीच्या घरात, खोकल्याने खंगलेले लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाले, ते हिंगणघाटपर्यंतच पोहोचले.

पुढचं काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. त्याच त्रिकोणांच्या आधारे पुढे राधानाथ सिकदार यांनी हिशेब केला, आणि 1856 मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची जाहीर झाली : 29,002 फूट. शिखराला नाव मिळालं एव्हरेस्ट यांचं. लॅम्बटन हिंगणघाटलाच राहिले.