भूगर्भाचा ठाव घेणाऱ्या इंगे लेमान

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातील भगिनी विसरणार नाहीत. किल्लारीच्या भूकंपाने हजारो संसार मातीस मिळाले. भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीचे अंतरंग जाणणाऱ्या विदुषी इंगे लेमान त्याच वर्षी फेब्रुवारीत, १०४ व्या वर्षी, कालवश झाल्या.

त्यांचा जन्म १८८८ साली कोपनहेगन येथे झाला. मुलगा-मुलगी भेद न मानणाऱ्या शाळेत त्या शिकल्या. पुढे गणिताचे शिक्षण प्रकृतीमुळे सुटले व विमा कचेरीत नोकरी करावी लागली. तरी काही वर्षांनी त्यांनी पदवी मिळविलीच. १९२८ साली त्या डेन्मार्कच्या भूकंप विभागाच्या प्रमुख झाल्या.

भूकंपाच्या आडव्या हेलकाव्याच्या लाटा द्रवातून जात नाहीत. त्यावरून पृथ्वीचा गाभा द्रव ठरला होता. परंतु १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या काही लाटा, जेथे पोहोचू नयेत अशा ठिकाणीही उमटल्या. ओटच्या रिकाम्या खोक्यांत नोंदींची कार्डे लावून बाईंनी हिशेब मांडला आणि १९३६ साली दाखविले, की द्रव गाभ्याच्या पोटात आणखी एक गाभा आहे. तो घन असल्याचे पुढे सिद्ध झाले.

शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या भगिनींनी हे चरित्र अवश्य ध्यानी ठेवावे.