फादर स्टीफन्स : परमुलखातला ओवीकार

मराठीचे गोडवे गाणाऱ्या फादर स्टीफन्सच्या ओव्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत पाठ केल्या असतील, परीक्षेत त्यांचा भावार्थही लिहिला असेल. पण हा साहेब कोण, कुठला आणि इतक्या लांब येऊन त्याने आपली भाषा का जवळ केली, हे विचारायचे राहूनच जाते. त्याच्या आयुष्याची ही थोडक्यात ओळख.

थॉमस स्टीफन्स याचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो काळ इंग्लंडमध्ये कॅथलिकांना वाईट होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात त्यांना उघडपणे उपासना करता येत नव्हती. थॉमसचा मित्र थॉमस पाउंड याला तर धर्मापायी तुरुंगात जावे लागले. तरुण थॉमसने देश सोडला, रोम गाठले आणि १५७५ साली तो जेझुइट संघात दाखल झाला. स्वतःच्या देशात ज्याच्या श्रद्धेला जागा उरली नव्हती, असा हा मुलगा होता. पुढची हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे निघाली. त्यांतल्या एकावर तो होता. प्रवासाला सहा महिन्यांहून अधिक दिवस लागले. पिण्याचे पाणी खराब झाले. लोकांच्या हिरड्या व पाय सुजू लागले, हातपाय हलवणे अशक्य झाले. त्याच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली. इतर खेपांच्या मानाने ही संख्या थोडीच, असे खलाशी समजत. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागले. थोड्याच दिवसांत त्याने वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. वारे, प्रवाह, पक्षी, मासे, सगळे त्यात आहे. घरापासून तुटलेला तिशीचा तरुण घरच्यांना सारे पाहिलेले सांगू पाहतो, हे ते पत्र वाचताना जाणवते. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार बहुधा त्याचेच नाव घेतात. आला मात्र तो तागडी घेऊन नव्हे, क्रूस घेऊन.

त्याला काम मिळाले सासष्टीत, मडगावच्या आसपासच्या खेड्यांत. तिथली परिस्थिती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या पोथ्यापुराणांवर बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यावर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलण्यासाठी म्हणून असोळण्याला बोलावले आणि मारले. स्टीफन्स तेव्हा याच भागात होता. ज्या सत्तेच्या आधाराने तो तिथे राहत होता, तिची ही करणी होती. तो चांगला माणूस होता म्हणून ही करणी चांगली ठरत नाही. आणि ही करणी वाईट म्हणून त्याचे पुढचे कामही खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे कठीण आहे. पण ठेवल्या पाहिजेत.

त्याचे पुढचे काम म्हणजे भाषा शिकणे. लोक घरात कोंकणी बोलत आणि पुराण मराठीत ऐकत. स्टीफन्स दोन्ही शिकला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनशी जुळते असे नोंदवले. विल्यम जोन्सने संस्कृतविषयी हाच विचार मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर! कोंकणीचे व्याकरणही त्याने रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. ज्या बोलीत बाया चुलीपुढे बोलत, त्या बोलीला व्याकरण असते हे त्याला दिसले. आमच्यासारख्या घरी अहिराणी बोलणाऱ्या आणि वर्गात ती तोंडातून निसटेल म्हणून जपून बोलणाऱ्या मुलांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती आणि नवे काही हाती नव्हते. आम्हांला आमच्या भाषेत वाचायला काही द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यातून ‘क्रिस्तपुराण’ लिहिले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. कथा बायबलमधील, पण घाट ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतला. एकनाथ महाराज स्टीफन्सच्या हयातीत, १५९९ पर्यंत होते. जात्यावर आपल्या आया-आज्या जी ओवी म्हणत, तिच्याच वळणाचा ग्रंथ हा विलायती माणूस लिहीत होता. लोकांना कळावे म्हणून त्याने त्यात कोंकणी शब्दही मोकळेपणाने घेतले.

ग्रंथ देशी अक्षरांत छापावा अशी त्याची फार इच्छा होती. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना तसे लिहिलेही. अडचण खिळ्यांची होती. युरोपात चोवीस अक्षरांवर भागे, इथे जोडाक्षरे धरून सहाशे साचे लागले असते. ते झाले नाही. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. पुढे १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले. १६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत तो मायदेशी परतला नाही.

पुढे पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये कोंकणीविरुद्धच फर्मान काढले. पुराणाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ जगला. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली, ओव्या म्हटल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीत तो प्रसिद्ध झाला १९५६ मध्ये, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या हातून. सहाशे साच्यांसाठी स्टीफन्सने पत्र लिहिले त्याला तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.

गोव्यातली पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपली. तिचे हुकूम व फर्माने आता दप्तरखान्यात आहेत. ओव्या मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आल्या. स्टीफन्स लोकांना शिकवायला आला होता. पण त्याआधी त्याला त्यांच्याकडून शिकावे लागले. कोणा अनाम गावकऱ्याने, कोणा म्हातारीने त्याचे चुकलेले उच्चार सुधारले असतील. त्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. यापुढे त्या ओव्या म्हणताना स्टीफन्सबरोबर त्याच्या या गुरुजनांचीही आठवण ठेवू या.