डॉ. रुस्तम जाल वकील : सर्पगंधेला तपासून पाहणारे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ

शिक्रापूर आणि आसपासच्या गावांत बीपीची गोळी घेणारे अनेक जण आहेत. त्यातले काही जण गोळी सोडून झाडपाल्याकडे वळावं का, असं विचारतात. तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर डॉ. वकील यांची माहिती उपयोगी पडेल.

बीपी वर्षानुवर्षे वाढलेलं राहिलं की रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. मग हृदयविकार, पक्षाघात आणि मूत्रपिंडाचे आजार उद्भवतात. डॉ. वकील यांचा जन्म १९११ चा. लंडनला शिकून ते मुंबईत परतले, तेव्हा बीपीवर चांगली गोळी जवळपास नव्हतीच. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच सांगितलं जाई.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ती वाढलेल्या बीपीवर उपयोगी असल्याचं लिहिलं. त्यानंतर डॉ. रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांचा रक्तदाब उतरलेला दिसला. पण प्राण्यांत दिसलेला परिणाम ही पहिली पायरी असते. माणसात किती डोस लागतो, किती दिवस लागतात, त्रास काय होतो, हे त्यातून कळत नाही.

पुढची पायरी डॉ. वकील चढले. त्यांनी रुग्णांना ही मुळी देऊन बीपीची मोजमापं नोंदवली आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. त्यामुळे जगाचं या वनस्पतीकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं केलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग आज ही मुळी का देत नाहीत? कारण वापर वाढला तसे तिचे त्रासही दिसले : नाक चोंदणं, सुस्ती, नाडी मंदावणं, काहींना नैराश्य. शिवाय मुळीतलं द्रव्य कमी-जास्त असतं, त्यामुळे डोस नक्की ठरत नाही. आता त्याहून सुरक्षित गोळ्या मिळतात.

तुम्ही काय कराल?

• बीपी नॉर्मल आलं, तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. ते बहुधा गोळीमुळेच नॉर्मल असतं.
• एखादं औषध उंदरावर किंवा सशावर चाललं, अशी बातमी वाचलीत, तर माणसांवर तपासलंय का, हे आधी विचारा.
• कोणताही काढा, चूर्ण किंवा मुळी घेत असाल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा. गोळीबरोबर ती घेतल्यास बीपी एकदम उतरू शकतं.

औषध झाडाचं आहे की कारखान्यातलं, यापेक्षा ते माणसांवर मोजूनमापून तपासलं आहे का, हे महत्त्वाचं.