भावंडांची कंपनी बुडाली, तेव्हा…

मिरज म्हटलं की सतार-तंबोरे, दर्गा आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, एवढं आपल्याला पाठ असतं. खाँसाहेबांच्या पोरांची गोष्ट मात्र कट्ट्यावर क्वचितच निघते. आजच्या भाषेत सांगायचं तर ती एका फॅमिली बँडची गोष्ट आहे. बँड काही वर्षांतच बुडाला आणि त्याचं कर्ज एका बाईनं गाऊन फेडलं.

त्या बाई म्हणजे हिराबाई बडोदेकर. जन्म मे १९०५, आपल्या मिरजेतला. घरातलं नाव चंपू. आई ताराबाई माने बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेबांसाठी त्यांनी ते घर सोडलं होतं. पुढे दोघांचं फाटलं आणि ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकीनाची सरस्वती झाली. बाप हयात, नावाजलेला, आणि त्याचं नाव लावायचं नाही. त्या वयात हे कसं वाटत असेल, विचार करा.

हिराबाईंचं गाणं घडलं ते थोरला भाऊ सुरेशबाबू आणि वडिलांचे नातेवाईक वहीद खाँ यांच्याकडे. ताराबाईंनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय काढलं, १९२९च्या सुमारास त्याची नाटक कंपनी उभी राहिली, आणि भावंडं रंगभूमीवर आली. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ अशी नेहमीची नाटकं. पण काळ बालगंधर्वांचा! सुभद्रा पुरुषानं करायची आणि प्रेक्षकांनी तिच्या शालूची नक्कल घरी करायची, असा रिवाज. इथे सुभद्रा खरोखरच बाई होती. धाकट्या बहिणी कमलाबाई आणि सरस्वतीही सोबतीला. आज यात काय विशेष, असं वाटेल. तेव्हा मात्र गाणारी बाई म्हटली की लोक आधी तिचं चारित्र्य काढायचे, सूर नंतर.

कंपनी टिकली नाही. १९३१ला बोलपट आला आणि भल्याभल्या नाटक कंपन्यांना घरघर लागली, तिथे या नवख्यांचं काय चालणार? पडदा पडला, कर्ज उरलं.

मग हिराबाई मैफिलींच्या मागे लागल्या. गावोगाव गाऊन त्यांनी ते कर्ज फेडलं. खरी भारी गोष्ट पुढेच आहे. बाईचं गाणं ऐकायचं तर तिच्या कोठीवर जायचं किंवा कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात, ही तेव्हाची रीत. हिराबाई थिएटरात बसल्या, तिकीट लावून. खांद्यावर पदर, हातवारे नाहीत, नखरा नाही, समोर तंबोरे. ज्याला ऐकायचंय त्यानं पैसे मोजून खुर्चीत बसावं. असे जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्री कलाकारांमध्ये त्यांचं नाव घेतात. माझ्या मते नाटक कंपनीनं दिलेली खरी कमाई हीच. तिकीट काढून आलेल्या अनोळखी गर्दीसमोर उभं राहायची सवय तिथेच लागली असणार.

बाकीच्यांचं काय झालं? सुरेशबाबू प्रभातच्या ‘चंद्रसेना’त दिसले, पण त्यांचा जीव शिकवण्यात. प्रभा अत्रे त्यांच्याच शिष्या. गुरू म्हणून ते मोठे, नशिबानं मात्र थोडं दिलं. १९५३ मध्ये गेले. सरस्वती राणे यांनी रेडिओ गाजवला आणि ‘रामराज्य’ (१९४३) साठी पार्श्वगायन केलं. तेव्हा पार्श्वगायन हा प्रकारच नवा होता.

हिराबाईंना १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० मध्ये पद्मभूषण. १९८९च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. त्याआधी कितीतरी वर्षं या दोघी बहिणी एकाच मंचावर बसून जुगलबंदी गात. बायकांनी अशी जोडीनं जुगलबंदी करायची पद्धत तोवर जवळजवळ नव्हतीच.