गाडगेबाबांची यात्रेतली पंगत



ज्येष्ठ उजाडला की आपल्या दिंडीत भिशीची वही निघते. तांदूळ किती, तेल किती, ट्रकचं भाडं काय झालं, तंबू यंदा टिकेल का. आणि दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणतंच की, या साली हात आखडता घेऊ, दिंडीबाहेरच्या माणसाला पान वाढणं पुढच्या साली बघू. म्हणणाऱ्याचं चुकतं असं नाही. आपल्या दिंडीत सावकार कोणी नाही. हमाल, शिंपी, भाजीवाले, गिरणीतून निवृत्त झालेले, अशीच माळकरी मंडळी. पण असं कोणी म्हणालं की जुनी माणसं गाडगेबाबांचं नाव काढत. त्या नावापुढे वाद संपायचा. म्हणून शताब्दीच्या या ग्रंथात बाबांचं चरित्र थोडक्यात द्यावं असं ठरलं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव, परिटाचं घर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला भावाकडे आली. तिथं डेबूनं गुरं राखली, नांगर धरला, रात्री भजनाला बसू लागला. मामांची जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात गेली, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. सण, लग्न, तेरावं यासाठी काढलेलं कर्ज घर कसं खातं, हे बाबांना पोथीतून कळलं नव्हतं.

पुढे लग्न झालं, मुलं झाली. मुलीच्या बारशाला भावकीला मटण आणि दारू द्यायची, अशी रीत होती. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भावकी कुरकुरली. वरवर ही गोष्ट लहान दिसते. पण जातीची पंगत मोडायला त्या काळी किती छाती लागत असेल, याचा विचार करावा.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात खायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर. त्यावरून गाडगेबाबा हे नाव पडलं. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचा. झाडून झालं की कुणाच्या तरी दारात भाकरी मागायची, तीही काही काम करून. संध्याकाळी कीर्तन. कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारायचे, वऱ्हाडी बोलीत हसवायचे, आणि हसता हसता माणूस मान खाली घालायचा.

आता ऋणमोचनची गोष्ट. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. यात्रा म्हटली की आंधळे, पांगळे, महारोगी येणारच. लोक त्यांच्यापुढे चिमूटभर काहीतरी टाकून पुढे जात. बाबांनी त्यांनाच यात्रेचे मुख्य पाहुणे केलं. त्यांच्या पंगती बसवल्या, थंडीचे दिवस म्हणून अंगावर पांघरूण दिलं. जवळ दिडकी नसलेल्या माणसानं हे केलं कसं? मागून. शेतकऱ्याकडे पैसे नसतील, पण सुगी नुकतीच झालेली, घरात दाणे असायचे. ज्याच्याकडे दाणे नाहीत त्याचे हात असायचे. कुणी लाकूड फोडलं, कुणी पाणी भरलं, कुणी उष्टी काढली. घाटाचं कामही असंच लोकांच्या श्रमातून उभं राहिलं. देवाला बकरं कापून घालवलेला पैसा वाया जातो, तोच उपाशी माणसाच्या पोटात घाला, हे बाबा यात्रेत उभं राहून सांगायचे. आणि कर्ज काढून दानधर्म करू नका, हेही तितक्याच ठासून. हे दुसरं आपण सोयीनं विसरतो.

इथं एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं चालू असताना बाबांची आई, पत्नी कुंताबाई आणि मुलं झोपडीत दिवस काढत होती. हजारोंच्या पंगती बसवणाऱ्यानं त्यातलं काही स्वतःच्या घराकडे वळू दिलं नाही. १९२३ मध्ये मुलगा गोविंद कुत्रं चावल्याच्या निमित्तानं गेला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. कीर्तन त्यांनी थांबवलं नाही. चरित्रं वाचताना आपण इथं हात जोडतो. पण कुंताबाईंचं काय झालं असेल, हा प्रश्न मनातून जात नाही. बाबांच्या दानात तिचाही वाटा आहे, आणि तो तिला कुणी विचारून घेतलेला नव्हता.

पंढरपूरला बाबा वारीत येत, पण देवळात जात नसत. चंद्रभागेचं वाळवंट झाडत, वारकऱ्यांची घाण उचलत आणि रात्री त्याच वाळवंटात कीर्तन करत. ज्यांना गावात टेकायला जागा मिळत नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे नाशिकला, आळंदीला धर्मशाळा झाल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. लाखांनी देणग्या आल्या, पण गाडगं तेच राहिलं. तळेगावचे गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांबरोबर हिंडले होते. त्यांनी आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेली चरित्रं आपल्या मंडळींनी मिळवून जरूर वाचावीत.

स्वतःसाठी बाबा कुणाकडून काही घेत नसत. याला अपवाद म्हणून एक आठवण सांगतात. १९४९ मध्ये बाबा मुंबईत आजारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा देशाचे कायदामंत्री, दोन घोंगड्या घेऊन भेटीला आले, आणि बाबांनी त्या घेतल्या. त्याच वर्षी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की नाना पेठ-भवानी पेठेच्या रस्त्यांवर काय दिसतं, ते आपण दरसाल पाहतो. माउली पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबाराय निवडुंग्या विठोबाच्या देवळात. बाहेर कुणी चपला शिवून देतो, कुणी फुकट दाढी करतो, कुणी सुजलेल्या पायांना तेल लावतो. त्यांच्यातले बरेच जण हातावर पोट असलेले. एक दिवसाची कमाई बुडवून ते बसतात. बाबांनी ऋणमोचनला जमवलेली माणसं याच जातकुळीची असावीत.

८ फेब्रुवारी १९५२ ला श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं यांचा कारभार त्या हाती दिला. आपल्या नातेवाइकांचा यावर काडीचा हक्क नाही, हे बाबांनी पक्कं करून ठेवलं.

शेवटपर्यंत पाय थांबले नाहीत. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला शेवटचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, आपल्या मंडळींनी ते ऐकावं. २० डिसेंबरला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. मार्गशीर्ष चालू होता. ऋणमोचनच्या यात्रेचा पौष जेमतेम दोन आठवड्यांवर आला होता.