किंकाळी कुणाची?

'द स्क्रीम' हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते रूम पार्टनरच्या टी-शर्टवर. कवटीसारखं तोंड, कानांवर हात. सबमिशनच्या आदल्या रात्रीचे आपण, असं म्हणून आम्ही जाम हसलो.

मग चित्रकाराबद्दल वाचलं. एडवर्ड मुंक, जन्म नॉर्वेत, १८६३ सालचा. पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. १८७७ मध्ये त्याच रोगाने मोठी बहीण सोफी गेली. धाकटी बहीण लॉरा मनोरुग्ण झाली. १८७९ मध्ये हा पठ्ठ्या चक्क इंजिनिअरिंगला गेला! फिजिक्स, मॅथ्समध्ये हुशार. पण आजारपणात दांड्या पडल्या आणि वर्षभरात कॉलेज सोडून त्याने ब्रश धरला. वडील नाराज.

एका संध्याकाळी दोन मित्रांबरोबर फिरताना आकाश रक्तासारखं लाल झालं. मित्र पुढे गेले, हा थरथरत उभा राहिला. साऱ्या निसर्गातून किंकाळी घुमतेय असं त्याला वाटलं. त्यातून १८९३ चं हे चित्र आलं. म्हणजे मला वाटतं, ती आकृती ओरडत नाहीये, ऐकू येऊ नये म्हणून कान झाकतेय.

१९०८ मध्ये मुंक खरंच कोलमडला. कोपनहेगनला उपचार घेतले, सावरला आणि १९४४ मध्ये वारला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता.

आता तो टी-शर्ट दिसला की माझं लक्ष मागच्या दोघांकडे जातं. शेजारच्या रूममध्ये कुणीतरी कान झाकून बसलं असेल, आणि आपण मात्र हसत मेसला चाललोय. एकदा दार वाजवून बघूया का?